प्रमाणित चिमूट

शेठ उताणा झाला तो मंगळवार होता. काटेसाहेब दात घासत घासत बाहेरच्या खोलीत आले, सवयीनं काचेच्या टाकीकडे पाहिलं आणि तोंडातला फेस तसाच गिळून बसले. शेठ पाण्याच्या अगदी वरच्या थरात पोट वर करून तरंगत होता. कल्ले हलत होते, डोळे उघडे होते, चेहऱ्यावर नेहमीचीच तक्रार होती. फक्त आज ती तक्रार उलटी दिसत होती.

शेठ म्हणजे गोल्डफिश. केशरी अंग, पुढे आलेलं पोट आणि दिवसभर काहीही न करता तोंड मात्र चालू, एवढ्या गुणांवर लेकीनं त्याला हे नाव दिलं होतं. आणि काटेसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. त्यांचं खरं आडनाव निराळं. पण बाजारपेठेतल्या दुकानदारांनी वीस वर्षांपूर्वी ठेवलेलं हे नाव अंगाला असं चिकटलं, की आता पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढण्यात घालवला, त्याच्याच घरात वीतभर मासा सरळ उभा राहीना, ही बातमी बाजारात गेली असती तर दुकानदारांनी आनंदानं अर्धा दिवस दुकानं बंद ठेवली असती.

पण बाजाराचं सोडा. खरी पंचाईत अशी होती, की रविवारी लेक येणार होती.

चार महिन्यांपूर्वी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली ती बापाच्या मनाविरुद्ध. "जिला घरात असून जेवणाची वेळ कळत नाही, ती एकटी काय राहणार?" असं काटेसाहेब आठवडाभर भिंतींना ऐकवत होते. लेक बापाच्याच वळणावर गेलेली. निघताना तिनं माशाच्या खाऊचा डबा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे बाबा. मी मला सांभाळते, तुम्ही शेठला सांभाळा. बघू कोण आधी हात टेकतं ते." तेव्हापासून रोज संध्याकाळी शेठचा एक फोटो तिला जायचा आणि तिकडून उत्तर यायचं, "मस्त! मी पण मजेत."

काटेसाहेबांना तिचं ते मजेत असणं सहन होत नसे. घर रिकामं वाटायचं, हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते, पण वाटायचं. म्हणून त्यांनी रविवारसाठी मनातल्या मनात एक भाषण तयार केलं होतं. त्याचा शेवट "तेव्हा आता पुरे झालं, ये परत" असा होता. भाषण पाठ झालं होतं. आणि आता ते उताण्या माशाशेजारी उभं राहून करावं लागणार होतं.

"झोपला असेल हो," बायको म्हणाली.

"मासे पाठीवर झोपत नाहीत."

"तुम्ही झोपता की."

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी चष्मा पुसून टाकीत डोकावून पाहिलं. "जावईबापू, त्याला कंटाळा आलाय. मी पण दिवसभर याच खोलीत असते, मला ठाऊक आहे," एवढं बोलून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. हा टोला माशाला होता की जावयाला, याचा विचार करायला काटेसाहेबांना वेळ नव्हता.

शेजारच्या नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या आल्या, हातावरचं घड्याळ बघत त्यांनी शेठचे कल्ले एक मिनिट मोजले आणि निकाल दिला, "मिठाचं पाणी. दहा लिटरला एक चिमूट. माणसाला चालतं ते माशाला का चालणार नाही?" माणसाला नक्की कशासाठी चालतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

चिमूट हा शब्द ऐकून काटेसाहेबांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला. कारण त्यांच्याकडे चिमूट होती.

त्याचं असं झालं होतं. लेकीनं जाताना खाऊच्या डब्यावर "रोज सकाळी चिमूटभर" असं लिहून ठेवलं होतं. चिमूट म्हणजे किती, हे फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, चिमूट म्हणजे चिमूट!" वजनमापे खात्याच्या माणसाला असं बोलणं म्हणजे भटजीला... नको, उदाहरण नको. थोडक्यात, त्यांना ते लागलं. त्यांनी रीतसर चौकशी लावली. स्वतः, बायको, सासूबाई आणि नर्सबाई अशा चार जणांकडून प्रत्येकी पाच वेळा खाऊची चिमूट घेतली, सोनाराकडे असतो तसल्या नाजूक काट्यावर ती तोलली आणि सरासरी काढली. सासूबाईंची चिमूट म्हणजे जवळजवळ मूठच होती, पण त्या वयानं मोठ्या, त्यांना वगळणार कोण? मग त्या सरासरीचा एक पितळी चमचा घासून घासून तयार केला, त्याच्या दांडीवर वर्ष कोरलं आणि तो दोऱ्यानं टाकीला टांगला. ही प्रमाणित चिमूट. घरात दुसऱ्या कुणाला ती हाताळायची परवानगी नव्हती.

तर मीठ किती, हा प्रश्न सुटला. पाणी किती, हा उरला. टाकी साठ लिटरची आहे असं दुकानदारानं सांगितलं होतं, पण दुकानदारानं सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर काटेसाहेबांनी नोकरी कशासाठी केली? त्यांनी शेठला बादलीत ठेवलं आणि खात्याच्या एक लिटरी मापानं टाकी उपसायला घेतली. दोन तास लागले. जमिनीवर पाणी झालं, त्यात बायको घसरली, सासूबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. टाकी निघाली सत्तेचाळीस लिटरची.

"तेरा लिटरची तूट!" काटेसाहेब ओला पायजमा वर धरून गरजले. मासा, मीठ, लेक, सगळं क्षणात मागं पडलं. ते तसेच तडक माशांच्या दुकानाकडे निघाले. दुकानदारानं त्यांना चौकातून येताना पाहिलं आणि गिऱ्हाईक आत असतानाच शटर खाली ओढलं. आतून पंपाचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं, पण "दुकान बंद आहे" असंही आतूनच सांगण्यात आलं. काटेसाहेबांनी शटरवर एक नोटीस चिकटवली आणि परत आले. शेठ बादलीत उताणाच होता. मिठाच्या पाण्यातही तो उताणाच राहिला, फक्त आता तो अधिक नाराज दिसत होता.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, शेठला एका मोठ्या काचेच्या बरणीत घालून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत एक शेळी, एक गाढवाएवढा कुत्रा आणि एक कोंबडीवाल्या बाई होत्या. केसपेपरच्या खिडकीत बसलेल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "जनावर?"

"मासा."

"रकाना नाही. गाय, बैल, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी, इतर."

"मग इतर लिहा."

"इतरमध्ये घोडा येतो."

"मासा कशात येतो?"

"मासा इथं येत नाही," कारकून म्हणाला. मग त्यानं मान वर केली, बरणी पाहिली, आणि बहुधा दया येऊन 'कोंबडी' या शब्दापुढे खूण केली. "पिसं झडतायत का?" काटेसाहेब नाही म्हणाले. "वजन?"

वजन लिहिल्याशिवाय केसपेपर पुढे सरकत नव्हता, आणि वजनाचा काटा कोपऱ्यात होता. काटेसाहेब बरणी घेऊन त्याच्याकडे गेले. काट्यावर बरणी ठेवावी, आकडा बघावा, परत यावं, एवढंच करायचं होतं. दुसऱ्या कुणीही तेवढंच केलं असतं. पण काटेसाहेबांचे डोळे काट्याच्या कडेला गेले. तिथं पडताळणीचा शिक्का असतो. शिक्का होता, पण त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.

पुढं जे झालं त्याबद्दल त्यांनी नंतर बायकोला सांगितलं की हात आपोआप चालले. खिशात तार असायचीच, शिशाचं सील असायचंच, पक्कड असायचीच. तीन मिनिटांत दवाखान्याचा एकुलता एक काटा सीलबंद झाला.

"अहो, आमच्या शेळीचं वजन?" शेळीवाली ओरडली.

"अशा काट्यावर केलेलं वजन कायद्यानं वजनच नव्हे."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले. हातात कोपरापर्यंत मोजे, चेहऱ्यावर अर्धवट राहिलेलं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सील काढा."

"लावणं माझ्या हातात आहे, काढणं नाही," काटेसाहेबांनी खरं ते सांगितलं. "आधी काटा दुरुस्त करून घ्या. मग आमच्या कार्यालयात फेरपडताळणीचा अर्ज, दोन प्रतींत. साधारण तीन आठवड्यांत काम होतं."

"मग मासाही तीन आठवड्यांनी आणा," डॉक्टर म्हणाले आणि दार लावून आत गेले.

"साहेब," बाहेर पडताना शेळीवालीनं त्यांना सल्ला दिला, "मासा बरा दिसतोय हो. तुम्हीच कुणाला तरी दाखवून घ्या." रांगेतले सगळे हसले. कुत्राही भुंकला. काटेसाहेब बरणी छातीशी धरून रस्ताभर पायी आले, कारण बसमध्ये पाणी सांडलं असतं आणि लोकांनी विचारलंही असतं.

त्या संध्याकाळी फोटोची वेळ झाली. मंगळवारी जुना फोटो पाठवून वेळ मारून नेली होती, पण लेकीनं "हा कालचाच आहे ना?" असं विचारलं होतं. तिची नजर बापाची. काटेसाहेबांनी बराच वेळ विचार केला आणि मग त्यांना ते सुचलं. उताण्या शेठचा फोटो काढायचा, तो फोनवर उलटा फिरवायचा, आणि खडे, झाडं वगैरे कापून टाकून फक्त शेठ ठेवायचा. त्यांनी तसं केलं. फोटोत शेठ असा सरळ, असा ऐटीत दिसत होता की काटेसाहेबांना स्वतःलाच क्षणभर बरं वाटलं. पाठवून दिला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, तुम्ही शीर्षासन करताय?"

काटेसाहेबांनी घाईघाईनं फोटो पुन्हा उघडला. टाकीच्या काचेत, शेठच्या मागं, त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं. बनियनवरचा एक प्रौढ गृहस्थ, डोकं खाली, हातात फोन.

खरं सांगायला ती वेळ वाईट नव्हती. पण रविवारचं ते भाषण डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातून निघून गेलं, "हो. करतो हल्ली. सकाळ-संध्याकाळ."

"बनियनवर?"

"आसनाला गणवेश नसतो."

"बाबा, ग्रेट आहात तुम्ही! रविवारी दाखवाच मला."

फोन ठेवल्यावर लेकीनं ही बातमी आजीला कळवली. आजीला कळवली म्हणजे काम झालं. गुरुवारी सकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत झालं. नर्सबाईंनी जिन्यात अडवून रक्तदाब विचारला. ऑफिसात वरिष्ठांनी दवाखान्याकडून आलेली तक्रार पुढं सरकवली, "रजेवर असताना बरणी घेऊन शासकीय काटा सील केल्याबद्दल" लेखी खुलासा मागितला आणि वर म्हणाले, "शीर्षासन करता म्हणे. डोक्यात रक्त जातं, पण मग ते परतही यावं लागतं." काटेसाहेबांनी खुलासा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो तीन वेळा फाडावा लागला, कारण दर वेळी 'कोंबडी' या शब्दापाशी पेन अडायचं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सरावाला सुरुवात केली. दुसरा इलाजच नव्हता. भिंतीशी उशी ठेवली, तिच्यावर डोकं टेकलं, बायकोनं घोटे धरले, आणि सासूबाई घड्याळ घेऊन वेळ मोजायला बसल्या. पहिल्यांदा चार सेकंद. दुसऱ्यांदा बायकोला हसू फुटलं. तिसऱ्यांदा तिनं हसताना घोटे सोडले आणि काटेसाहेब सगळ्याच्या सगळ्या वजनानिशी जमिनीवर आले.

"सहा," सासूबाई म्हणाल्या.

खालच्या मजल्यावर प्लंबर राहायचा. त्याला वाटलं वरची पाण्याची टाकी फुटली. तो हातात पाना घेऊन धावत वर आला, तर टाकी शाबूत आणि साहेब जमिनीवर. त्यानं साहेबांना उठवून बसवलं आणि मग, पाण्याच्या वस्तूकडे बघायचंच या सवयीनं, शेठकडे पाहिलं.

"यानं एअर धरलीय," तो म्हणाला.

"काय?"

"लाइन चोक झाली की मागं एअर धरते, साहेब. पोट बघा केवढं फुगलंय. वरवर येणारच तो. किती चारता याला?"

काटेसाहेब दुखरी कंबर सांभाळत उठले आणि अभिमानानं पितळी चमचा दाखवला. चार माणसं, वीस चिमटी, सरासरी, सगळं समजावून सांगितलं. प्लंबरनं चमचा उलटसुलट करून पाहिला. मग त्यानं शेठकडे पाहिलं. मग काटेसाहेबांच्या बोटांकडे, मग सासूबाईंच्या.

"ताईची बोटं बारीक आहेत हो," तो एवढंच म्हणाला.

लेकीची चिमूट म्हणजे किती, हे काटेसाहेबांना डोळ्यांपुढे आणायला काट्याची गरज नव्हती. तीच बोटं धरून त्यांनी तिला चालायला शिकवलं होतं. तिच्या चिमटीच्या चौपट खाऊ ते चार महिने रोज सकाळी, शिक्का मारलेल्या मापानं, एक कणही इकडचा तिकडे न होऊ देता, त्या जिवाच्या पोटात ढकलत होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर काटेसाहेबांनी त्याचं दुकान बंद केलं असतं.

"मी जाऊन येते," बायको म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. दहा मिनिटांत परत आली. "दोन दिवस काही म्हणजे काही द्यायचं नाही. मग एक उकडलेला मटाराचा दाणा, साल काढून, बारीक करून. दुकानदार म्हणाला, बहुतेक होईल सरळ."

"दुकान उघडं होतं?"

"मला उघडं होतं."

"पण तू विचारलंस काय त्याला?"

"मासा आजारी आहे म्हटलं," बायको म्हणाली. "तुम्ही काय विचारलं होतंत?"

मंगळवारपासून काटेसाहेब शेठसाठी इतकं धावले होते, पण हा एक प्रश्न कुणालाच विचारायचा राहून गेला होता.

शुक्रवार, शनिवार शेठ उपाशी राहिला. घरातल्यांची परीक्षा झाली ती निराळीच. सासूबाई जेवताना टाकीकडे पाठ करून बसायला लागल्या. शनिवारी दुपारी काटेसाहेबांनी त्यांना टाकीजवळ मूठ मिटून उभं असलेलं पकडलं. "फक्त दाखवत होते," त्या म्हणाल्या. चमचा काटेसाहेबांनी स्वतः सोडून कपाटात, जप्त मालाच्या पेटीत ठेवला.

रविवारी सकाळी मटार उकडला. अर्ध्या दाण्याचा चुरा पाण्यात टाकला. शेठनं तो खाल्ला, तासाभरानं अंग हलवलं आणि तो कुशीवर आला. कुशीवर, सरळ नाही. दुपारी दाराची घंटी वाजली तेव्हा तो तिरका तरंगत दाराकडेच पाहत होता.

लेक आत आली, पिशव्या टाकल्या, आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "चला बाबा, शीर्षासन!"

बायकोनं उशी आणायला पाऊल उचललं. काटेसाहेबांनी हातानंच तिला थांबवलं.

"मला शीर्षासन येत नाही," ते म्हणाले. मग एकदा सुटलं ते सुटलंच. उताणा शेठ, उलटा फिरवलेला फोटो, कोंबडीचा केसपेपर, सील, सगळं त्यांनी सांगून टाकलं. चमच्यापाशी आले तेव्हा आवाज बारीक झाला. "माझंच माप चुकलं. मीच आजारी पाडला त्याला. तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तू म्हणशील, बाबांना एक मासा सांभाळता आला नाही."

लेक आधी हसली. पोट धरून हसली, भिंतीला टेकली, कोंबडीपाशी पुन्हा हसली. आणि मग त्या हसण्याचंच रडणं कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती मटकन खाली बसली.

"बाबा, खानावळ मी दुसऱ्याच महिन्यात सोडली. तिथलं घशाखाली उतरेना. तेव्हापासून चहा आणि बिस्किटं. ऑफिसात दोनदा चक्कर आली. रोज तुम्हाला मजेत म्हणून लिहायचे आणि मग उपाशी झोपायचे. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, हिला एक पोट सांभाळता आलं नाही."

बायकोनं तोंडावर पदर धरला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. तिथून लगेच भांड्यांचे आवाज यायला लागले. काटेसाहेब लेकीकडे पाहत राहिले. आता त्यांना दिसलं, मनगटं केवढी बारीक झाली होती ते. आल्या आल्या दिसायला हवं होतं. गुंजभर कमी भरलेली साखर ज्याला नुसत्या हातावर कळते, त्याला पोटच्या पोरीतली तूट कळली नाही.

"म्हणा आता," ती नाक ओढत म्हणाली. "जिंकलात तुम्ही. म्हणा, ये परत."

भाषण जिभेवर होतं. पाठ होतं, वेळही हीच होती, ऐकणारी तयार होती. आणि तिनं परत यावं असं त्यांना त्या क्षणी जितकं वाटलं, तितकं चार महिन्यांत कधी वाटलं नव्हतं.

"नोकरी आवडते का?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. "खूप."

"मग आधी जेव. ओरडायचं आहे ते मी नंतर ओरडतो."

ती जेवली. मध्ये दोनदा आई अजून वाढायला आली, दोन्ही वेळा बापानं ताटावर आडवा हात धरला. जेवून ती खुर्चीत बसली आणि बसल्या जागीच झोपली. काटेसाहेब ओरडायला म्हणून समोर येऊन बसले होते, पण झोपलेल्या माणसावर ओरडायची त्यांची पद्धत नव्हती. ते तसेच संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

सोमवारी सकाळी त्यांनी आठ दिवसांची रजा लिहून पाठवली, एक कढई, एक पातेलं आणि दोन झारे पिशवीत भरले आणि लेकीबरोबर निघाले. तिला स्वयंपाक शिकवायला.

"अहो, तुम्हाला तरी येतं का त्यातलं काही?" बायकोनं दारातून विचारलं.

"नाही," काटेसाहेब म्हणाले, आणि लेकीच्या मागोमाग जिना उतरायला लागले.